रॉकेलचा फ्रिज, ज्वारी आणि शिक्केच शिक्के: दक्षिण सुदानमधले माझे नऊ महिने

परत येऊन तीन महिने झाले. या काळात ओळखीच्या-अनोळखी मिळून दहा-बारा नर्सेसचे फोन आले. प्रश्न सगळ्यांचा एकच, "सिस्टर, जायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?" दर वेळी तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते. लांबलंय खरं, पण मला जाण्याआधी असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर निम्म्या रात्री तरी नीट झोप लागली असती.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. जनरल नर्सिंग केलं, मग सार्वजनिक आरोग्य परिचारिका झाले, आणि बावीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. 2011 च्या जूनमध्ये स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस दिली. जाण्याचं तेव्हा डोक्यात नव्हतं. पुढच्याच महिन्यात, 9 जुलैला, दक्षिण सुदान हा नवा देश जन्माला आला. 1983 पासून 2005 पर्यंत बावीस वर्षं लढाई, मग करार, मग जानेवारी 2011 चं सार्वमत आणि शंभरातल्या जवळजवळ नव्याण्णवांचा सुदानपासून वेगळं होण्याला कौल. पेपरात ही बातमी वाचताना एका आकड्याशी थबकले. 2006 च्या पाहणीत तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे 2,054 माता दगावत होत्या. आपल्या महाराष्ट्राचा 2007-09 चा आकडा 104. आमच्या केंद्रात वर्षात एक माता गेली तरी चौकशी, फाइल, जिल्ह्याला बोलावणं. दोन हजार चोपन्न म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

ऑगस्टमध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे अर्ज केला. नाव मुद्दाम देत नाही, कारण तुम्ही कोणत्याही संस्थेतून गेलात तरी वाट साधारण हीच. अर्जात सर्वांत जड गेला तो "तुम्ही का येऊ इच्छिता" हा रकाना. मी पहिल्यांदा सेवाभाव वगैरे लिहिलं. मुलाने वाचून खोडलं आणि म्हणाला, "आई, तुला काय काय येतं ते लिही ना." मग लिहिलं: बाळंतपणं, लसीकरण सत्रं, शीतसाखळी (लशी टोचेपर्यंत गार ठेवणं), मासिक अहवाल, औषधसाठ्याची नोंदवही, दाईंचं प्रशिक्षण. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला मुलाखत झाली. तिथे भूतदया कोणी विचारली नाही. विचारलं ते हे, की वीज नसताना लशी कशा टिकवाल, आणि हाताखालचा माणूस चार महिने पगाराविना काम करतोय, त्याला तुम्ही काय सांगाल? पहिल्याचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्यावर "खोटं आश्वासन देणार नाही" एवढंच म्हणाले. निवड झाल्याचं पत्र 19 डिसेंबरला आलं.

मग सुरू झाली कागदांची वारी. पासपोर्ट नवा काढला, तेव्हा फी 1,000 रुपये होती. पोलिस पडताळणीला दोनदा माणूस आला, दोन्ही वेळा मी घरी नव्हते, त्यात पाच आठवडे गेले. नर्सिंगच्या नोंदणीचं "हिच्याविरुद्ध काही तक्रार नाही" अशा अर्थाचं प्रमाणपत्र लागतं. ते ज्या कार्यालयात मिळतं तिथे मला चार खेपा पडल्या. चौथ्या खेपेला कळलं की अर्ज पहिल्या दिवसापासून टेबलाच्या त्याच कप्प्यात होता. कोणाला दोष देत नाही, आपणही सरकारी खात्यात असेच कप्पे सांभाळलेत. एक मात्र करा: प्रत्येक प्रमाणपत्राच्या दहा साक्षांकित प्रती आणि पासपोर्ट साइजचे तीस फोटो जवळ ठेवा. तीस म्हणजे तीसच. मला शेवटी दोन उरले.

लसींचं वेळापत्रक प्रवासाच्या दोन महिने आधी आखा. पिवळ्या तापाची लस ठरावीक केंद्रांतच मिळते, सरकारी केंद्रात तेव्हा 300 रुपये पडले. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या दिवशी टोचून विमानात बसता येत नाही. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेवा, कारण येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात, आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. शिवाय मेंदूज्वराची लस, टायफॉइड, कावीळ ब आणि कुत्रा चावण्याआधीचे रेबीजचे डोस. खासगीत मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले, संस्थेने ते नंतर परत दिले. हिवतापासाठी रोज एक डॉक्सिसायक्लिन, परत आल्यावरही चार आठवडे. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. बाकीच्यांना हे बजावणारी मी, पण पहिल्याच आठवड्यात गोळी घेऊन पडले आणि तीन दिवस घास उतरेना.

डॉलर नेताना नोटा बघून घ्या. तेव्हा 2006 नंतर छापलेल्याच चालायच्या, त्याही कोऱ्या, न दुमडलेल्या. जुनी नोट तिथे कोणी हातात धरत नव्हतं. ठाण्याच्या एका दुकानातून आणलेल्या माझ्या नोटांतल्या तीन 2001 च्या निघाल्या आणि नऊ महिने पाकिटात बसून तशाच परत आल्या.

सासूबाई निघताना म्हणाल्या, "तिकडं माणसं माणसाला मारून राहिली, अन् तू लशी टोचायला चालली?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच जवसाच्या चटणीचा डबा बॅगेत कोंबला.

11 एप्रिल 2012 ला मुंबईहून अदिस अबाबा, तिथून राजधानी जुबा. जुबाचा विमानतळ तेव्हा आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढा. सामान भिंतीतल्या खिडकीतून आत येतं, कस्टमचा माणूस बॅग उघडतो, हात घालून बघतो आणि खडूने फुली मारतो. ती फुली हाच शिक्का. माझा चटणीचा डबा त्याने उघडून हुंगला आणि जोरात शिंकला. मागच्या रांगेसकट सगळे हसले. तिथेच शंभर डॉलर भरून व्हिसा घेतला.

जुबात बारा दिवस अडकले. परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी, आरोग्य मंत्रालयात कागद दाखवणं, मदत आणि पुनर्वसन आयोगाचं प्रवासाचं पत्र. देश नऊ महिन्यांचा, पण शिक्के मात्र जुन्या संसारातले. वैतागले होते, पण मंत्रालयातल्या एका बाईंचं टेबल पाहिलं आणि राग ओसरला. टेबलावर नव्या देशाचं नाव छापलेलं कोरं लेटरहेड, शेजारी जुन्या सरकारच्या काळातलं, नाव पेनाने खोडलेलं. नवं महत्त्वाच्या पत्रांसाठी, जुनं आतल्या टिपणांसाठी. कागद वाया घालवायचा नाही. या बाई आमच्या खात्यात सहज खपल्या असत्या.

तुम्ही गेलात तर जुबात फोटो काढू नका. परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढला की भानगड होते, पूल आणि नाईल नदी दिसली की हात शिवशिवतात तरीही. मोबाइलवरचं घरचं कार्ड चाललं नाही, तिथलं घ्या. देशाचा टेलिफोन संकेतांकही नवाकोरा, 211. आपली वेळ तेव्हा अडीच तास पुढे होती, 2021 पासून साडेतीन. पैशाचं गणितही समजून घ्या. जानेवारीत सुदानशी भांडण होऊन दक्षिणेने तेल काढणंच बंद केलं होतं, आणि सरकारचं जवळपास सगळं उत्पन्न तेलावर. बँकेत डॉलरला तीनच्या आसपास तिथले पाउंड मिळत, बाजारात चारच्या वर. याचा अर्थ मला पुढे पगाराच्या दिवशी कळला.

24 एप्रिलला छोट्या विमानाने अवेल. नॉर्दर्न बहर अल गझल राज्याचं हे मुख्य गाव. माझं केंद्र तिथून चौतीस किलोमीटरवर. उतरले आणि पायाखाली बघतच राहिले. काळी माती. आपल्या पऱ्हाटीच्या वावरातली असते तीच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ड्रायव्हरला म्हटलं, पाऊस पडला की हिचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तो म्हणाला, "नाही, तुम्हाला ठाऊक नाही." त्याचंच खरं ठरलं.

तिथली रचना समजायला मला दोन दिवसही लागले नाहीत, कारण ती आपल्यासारखीच. सर्वांत खाली बोमा, म्हणजे आपला गावगट. त्यावर पायाम, मग काउंटी, मग राज्य. पंधरा हजार लोकांमागे एक आरोग्य युनिट आणि पन्नास हजारांमागे एक आरोग्य केंद्र, असं कागदावर. आमच्या केंद्रात एक क्लिनिकल ऑफिसर (तीन वर्षांचं शिक्षण, डॉक्टर नाही पण डॉक्टरचं सगळं करतो), दोन सामुदायिक आरोग्य कार्यकर्ते, एक लस टोचणारा, एक दाई, एक औषधवाटप करणारा आणि पहारेकरी. इमारत विटांची, पत्र्याची. बाळंतपणाची खोली मात्र मातीचा गोल तुकुल, वर गवताचं छप्पर. उपचार सगळे फुकट.

पहिल्या आठवड्यात मी कशालाही हात लावला नाही, फक्त वह्या वाचल्या. हे मुद्दाम सांगते. नवी मॅडम आली की तिसऱ्या दिवशी भिंतीवर नवे तक्ते चिकटतात, आपल्याकडेही. मी बाह्यरुग्ण नोंदवही पहिल्या पानापासून वाचली आणि दोन गोष्टी कळल्या. एक, बुधवारी रुग्ण दुप्पट, कारण त्या दिवशी गुरांचा बाजार. दोन, लसीकरणाची शेवटची नोंद फेब्रुवारीतली.

फेब्रुवारी का, याचं उत्तर औषधांच्या खोलीत उभं होतं. रॉकेलवर चालणारा फ्रिज. मे 2012 मध्ये सौरफ्रिज आमच्यापर्यंत पोचले नव्हते. खाली टाकी, टाकीवर वात, वातीवर काचेची चिमणी. त्या आचेवर वरचा कप्पा गार होतो. आगीने गारवा कसा होतो हे मला नर्सिंगला शिकवलं होतं, पटलं मात्र कधीच नव्हतं. लस टोचणारा विशी-बाविशीतला मुलगा, सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये वाढलेला आणि स्वातंत्र्यानंतर आईवडिलांच्या गावी परतलेला. तो म्हणाला, फ्रिज मेला. मी मांडी घालून खाली बसले आणि टाकी ओढली. ज्योत पिवळी, वातीला काजळीची टोपी, चिमणी काळी ठिक्कर.

आमच्या घरी माझ्या लहानपणी वातीचा स्टोव्ह होता. ज्योत पिवळी झाली की आजी म्हणायची, "पोरी, वात काप, रॉकेल गाळ." तेच केलं. टाकीतलं रॉकेल बाटलीत काढून रात्रभर ठेवलं, तर सकाळी तळाशी चार बोटं पाणी. बाजारातून येता येता कोणीतरी माप भरून काढलेलं. वरचं रॉकेल कापडातून गाळलं, वात कात्रीने सरळ रेषेत कापली, कोपरे किंचित गोल केले, कारण टोकं राहिली की तिथे ज्योत उंच होऊन धूर धरते. चिमणी राखेने घासली. लावली, खाली-वर केली, आणि ज्योत निळी झाली. मग फ्रिजला पातळी लावली, कारण तो तिरका असला तरी गार होत नाही. बशीत पाणी ठेवून पाहायचं आणि पायाखाली चपट्या दगडाची पाचर द्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर सहावर आला. तो मुलगा आकड्याकडे बघून माझ्याकडे बघत राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. ही कला प्रशिक्षणाची नाही, आजीची, हे त्याला सांगण्याइतकी भाषा मला तेव्हा येत नव्हती.

फ्रिजमध्ये उरलेल्या लशी टाकाव्या लागल्या. त्याआधी मी त्याला हलवून बघण्याची चाचणी शिकवली. धनुर्वाताची लस एकदा गोठून वितळली की हलवल्यावर तिच्यात कण दिसतात आणि गाळ भरभर खाली बसतो. चांगली लस एकसारखी गढूळ राहते. एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दुसरी जिच्याबद्दल शंका आहे ती, दोन्ही हलवून शेजारी धरायच्या. त्याने ती चाचणी पुढे प्रत्येक पाहुण्याला करून दाखवली, अगदी काउंटीच्या अधिकाऱ्यालाही. लशी दोन ते आठ अंशांत, दिवसातून दोनदा नोंद, रविवारीही. 6 जूनला पहिलं लसीकरण सत्र झालं, 71 मुलं. वयं कोणाची माहीत नव्हती. "कधी जन्मला?" म्हटलं की उत्तर यायचं, "पूर आला तेव्हा", "झेंडा लागला तेव्हा". झेंडा लागला म्हणजे 9 जुलै 2011. आम्ही शाळेच्या मास्तरांबरोबर बसून घटनांची दिनदर्शिका केली: 1998 चा दुष्काळ, 2005 चा करार, मतदान, झेंडा. मेळघाटात अशीच दिनदर्शिका करतात.

भाषेचं म्हणाल तर तिथल्या डिंका जमातीच्या लोकांशी मी दुभाष्यामार्फत बोलायचे, पण काही शब्द पहिल्याच दिवशी माझे झाले. पाण्याला डिंका भाषेत म्हणतात "पिउ". मला वाटलं, कोणी मराठीत "पिऊ का" विचारतंय. औषधाला "वाल", आणि गवतालाही तोच शब्द; आपल्याकडे ओषधी म्हणजे वनस्पती, तसंच. वैद्याला "अकीम", म्हणजे आपला हकीम. बाजारातल्या जुबा अरबीत दवा, साबूण, हुकुमा. आणि सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द "माफी". क्षमा नव्हे! "माफी" म्हणजे "नाही". दवा माफी, औषध नाही. दारावर उभा राहून औषधवाटप करणारा रांगेला "दवा माफी" म्हणायचा, आणि मला दर वेळी तो माफी मागतोय असंच वाटायचं.

औषध संपायचं ते अंदाजाने. किट जुबाहून ठरलेल्या भरतीचं येतं, तुमच्या गावात कोणता आजार आहे हे त्या खोक्याला माहीत नसतं. एप्रिलमध्ये रस्ते चालू असतानाच पावसाळ्याचा साठा भरून घ्यायचा असतो, आणि मी पोचले तेव्हा तो निम्माच आला होता. जुलैमध्ये हिवतापाची लहान मुलांची पाकिटं संपली, मोठ्यांची ढीगभर. मोठ्यांच्या गोळीची अर्धी गोळी नऊ ते अठरा किलोच्या मुलाला बरोबर बसते. तक्ता केला, गोळी कापायची सुरी वेगळी ठेवली, आणि वजनकाट्याशिवाय कोणाला अर्धी गोळी द्यायची नाही असा नियम केला. काटा नसता तर हे धाडस केलं नसतं, तुम्हीही करू नका.

पाऊस जूनच्या मध्यावर लागला. काळी माती ओली झाली की चप्पल अडकते, मग गमबूट अडकतो, मग गाडी, आणि शेवटी देश. अवेलचा रस्ता बंद. जूनमध्येच माझे दोन कार्यकर्ते दहा दिवस आले नाहीत. आधी राग आला, मग कळलं की ज्वारी पेरायला गेलेत. पगार मार्चपासून आला नव्हता. आला तेव्हा तो पाउंडात, आणि तोवर बाजारात पाउंड घसरलेला. पेरणी केली नसती तर वर्ष उपाशी. मुलाखतीतला दुसरा प्रश्न मला तेव्हा आठवला. आम्ही पाळ्या लावल्या, निम्मे वावरात, निम्मे केंद्रात. मीही एका रविवारी गेले. डिंका बायका वाकून पेरत होत्या, मी वाकून पेरलं. माझ्या ओळी सरळ पडल्या म्हणून त्यांना हसू आवरेना, तिथे मुठीने टाकतात.

ज्वारीवरून आठवलं. असिदा म्हणजे आपल्या घाटलेल्या पिठासारखा लपका, किसरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं पातळ धिरडं, सोबत सुकवलेल्या भेंडीची बुळबुळीत भाजी. जवसाची चटणी जुलैपर्यंत पुरली. तुम्ही नेणार असाल तर दोन डबे न्या.

आता ऑगस्टची 23 तारीख. रात्री अकराला चौघं जण खाटेवर एका बाईला घेऊन आले, गुडघाभर पाण्यातून. घरी बाळ झालं होतं दुपारी, वार अडकलेली. बरोबर गावची दाई. बाई थंडगार, नाडी बोटाला जेमतेम, पातळ साडीसारखं कापड रक्ताने जड झालेलं. मी डोक्याला टॉर्च बांधला. क्लिनिकल ऑफिसरने दोन्ही हातांना सलाइन लावलं, मी ऑक्सिटोसिन दिलं (तेही त्याच फ्रिजमधलं), लघवी काढली, आणि हात घालून वार सोडवली. हे मी नोकरीत तीनदा केलं होतं, तिन्ही वेळा बाहेर अॅम्ब्युलन्स चालू ठेवून. इथे बाहेर फक्त बेडूक. रक्त थांबलं, पण अंगात उरलं किती? डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत कागद. तिला रक्त लागणार आणि रक्त अवेलला. त्या वेळी अवेलच्या रुग्णालयात मेदसाँ साँ फ्राँतिएर ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था माता आणि मुलांसाठी काम करत होती, तिथे पोचली की काळजी नव्हती. पोचणं हाच प्रश्न.

पहाटे चारला एका व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला. डिझेलचे 120 पाउंड मी खिशातून दिले, पावती घेतली (पावती नेहमी घ्या, हिशेबात मला ते परत मिळाले). संदर्भचिठ्ठी तीन प्रतींत लिहिली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नवऱ्याच्या गळ्यात बांधली. ट्रॉलीत गवत, त्यावर ती, शेजारी दाई बाळाला घेऊन. चौतीस किलोमीटरला सात तास लागले, हे ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवशी परतल्यावर सांगून गेला. पोचली तेव्हा श्वास चालू होता, पुढचं त्याला माहीत नव्हतं. प्रसूती नोंदवहीत शेवटचा रकाना असतो "परिणाम". तो कोरा राहिला. मी रोज ते पान उघडायचे आणि बंद करायचे. 14 सप्टेंबरला एक म्हातारा पायाचं गळू दाखवायला आला आणि कानाला गुंडाळलेल्या फडक्यातून माझ्या चिठ्ठीची तिसरी प्रत काढली. मागे रुग्णालयाचा शिक्का, दोन पिशव्या रक्त दिल्याची नोंद, घरी सोडल्याची तारीख. तो तिचा कोणी लागत नव्हता, वाटेत त्याच्या हातात दिली होती. रकाना भरला.

सगळे रकाने असे भरले नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर अवेलकडे हिवतापाचा मोसम. दिवसाला दीडशे रुग्ण, त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं. कुपोषण मोजायला दंडाला पट्टी लावायची: साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल. लाल निघालेल्या मुलाला त्यात हिवताप झाला की खेळ दोन-तीन तासांचा. ऑक्टोबरमध्ये आमच्या केंद्रात अकरा मुलं गेली. त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की जाण्याआधी कोणीतरी घरात ठरवून ठेवा, ज्याला रात्री फोन करून नुसतं गप्प बसता येईल. माझ्या नवऱ्याने ते काम केलं. नेटवर्क बाभळीच्या एका ठरावीक झाडाखालीच यायचं. मलाही ऑक्टोबरात हिवताप झाला, गोळ्या चालू असताना.

एका गोष्टीचं मात्र मनापासून नवल वाटलं. एक स्वयंसेवक चित्रांचं पुस्तक आणि गळ्यात अडकवायची गाळणीची नळी घेऊन गावोगाव फिरायचा. चित्रात पायातून लोंबणारा पांढरा दोरा. मी ओरडलेच, "नारू!" नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा लांब जंत. आमच्या आजोळच्या विहिरीत पायऱ्या होत्या, लोक आत उतरून पाणी भरत, आणि मामाच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. 2012 मध्ये सगळ्या जगात 542 रुग्ण आढळले आणि त्यांतले 521 एकट्या दक्षिण सुदानात, बहुतेक पूर्वेकडच्या भागात. आमच्याकडे फक्त अफवा यायच्या, आणि प्रत्येक अफवेमागे तो पोरगा सायकल घेऊन जायचा. त्याला मी मामाची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "तुमच्याकडे खरंच संपला? आता कोणालाच नाही?" दुभाष्याकडून त्याने ते तीनदा वदवून घेतलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेला किइर अदेम भागात विमानातून बॉम्ब पडल्याची बातमी आली. आमच्यापासून ते लांब. तरी दोन दिवस पळती पिशवी उशाशी: पासपोर्ट, पिवळं कार्ड, डॉलर, पाणी, गोळ्या, एक साधी सलवार. विमानाचा आवाज आला की बाया मुलांना घेऊन झाडाखाली जायच्या, न धावता, सवयीने. त्यांची ही सवय माझ्या मनाला बॉम्बपेक्षा जास्त लागली.

डिसेंबरात रस्ते सुकले, ज्वारी घरात आली. शेवटचे पाच आठवडे मी फक्त हस्तांतरण केलं. साठ्याची मोजणी, मागणीपत्र कसं भरायचं याचा सराव, मासिक अहवाल त्यांनी लिहायचा आणि मी नुसतं बघायचं. पहिल्या खर्ड्यात चोवीस चुका होत्या, तिसऱ्यात चार, आणि त्यांतल्या दोन माझ्याच निघाल्या. फ्रिजची वही त्या मुलाच्या नावावर केली. कात्री मी त्याला दिली नाही, तोच म्हणाला, राहू द्या, ती आता इथलीच आहे.

खर्चाचं विचाराल तर मानधन महिना 900 डॉलर, राहणं-खाणं संस्थेचं. माझे स्वतःचे कागद, प्रवास आणि कपडालत्ता मिळून जाण्याआधी 31 हजार रुपये गेले, त्यांतले 14 हजार परत मिळाले. श्रीमंत होऊन कोणी येत नाही. 17 जानेवारी 2013 ला मुंबईत उतरले. पिवळं कार्ड बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, "दक्षिण सुदान? सुदानच ना?" मी म्हटलं, नाही, वेगळा देश आहे. त्यांनी रजिस्टरात "सुदान" लिहिलं. मी बोट ठेवून "दक्षिण" आधी लिहायला लावलं. रांग चिडली.

मार्चमध्ये एका दुपारी 211 ने सुरू होणाऱ्या नंबरावरून मिसकॉल आला. मी उलट फोन लावला, मिनिटाला किती पडले ते बिल आल्यावर कळलं. तो लसवाला. ज्योत पिवळी झालीय म्हणाला. मी विचारलं, रॉकेल गाळलं? हो. वात? कापली. कोपरे? थोडा वेळ नुसतीच खरखर ऐकू आली, मग म्हणाला, "थांबा, बघून येतो," आणि फोन तसाच चालू ठेवून गेला.